सर्जेराव ड्रायव्हरचा पाय

जालना, ता. ४-२-१९९४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चार दिवस झाले, एस.टी.च्या गाडीनं घरचा डबा येत नाही. नवा ड्रायव्हर म्हणतो, डबे वाहणं माझं काम नाही. मेसची भाजी म्हणजे नुसतं पाणी, त्यात परीक्षा तोंडावर. डेपोत कोणाला तरी सांगून सोय कर. आपले सर्जेराव ड्रायव्हर गाडीतून उतरताना पडले. पाय मोडला. स्टँडजवळच्या दवाखान्यात आहेत.

लोभ असावा, डबाही असावा.

तुझा मच्छिंद्र

धावडा, ता. ८-२-१९९४

चि. मच्छिंद्रास आजीचा आशीर्वाद, हात आखडून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याची चूक असंल. सगळं पत्र पोटाचं, अन् माणसाच्या मोडक्या पायाला शेवटचं शेपूट! किळस आली रे. दोन वर्षं त्यानं तुझा डबा इंजनाच्या झाकणावर ठिवून आणला, कालवण गरम राहावं म्हणून. कधी चहासुद्धा घेतला न्हाई. तू काय शिकून राह्यला तिथं? बघायला गेल्ता का, तेवढंच लिही. डब्याचं मंग बघू.

लोभ आहे, पण पातळ झालाय.

चतुराबाई

जालना, ता. १२-२-१९९४

ती. आजीस सा. न.

रागावू नको. गेलो नाही. जाऊन बोलणार काय? त्यांना पगार आहे, घरची माणसं आहेत. खोलीवरची पोरं म्हणतात, आजकाल असं कोणी कोणाकडं जात नाही, उगाच गळ्यात पडल्यासारखं दिसतं. परीक्षा झाल्यावर बघतो. डब्याचं काय झालं?

लोभ कमी करू नको.

मच्छिंद्र

धावडा, ता. १७-२-१९९४

चि. मच्छिंद्र, आशीर्वाद द्यावा का, अजून ठरलं न्हाई.

काल मीच जालन्याला आल्ते. तुझी खोली दवाखान्याच्या मागंच, पण तिकडं पाय वळला न्हाई. तोंडावर थुंकले असते, अन् मंग मलाच वाईट वाटलं असतं.

घरची माणसं म्हणतो? बायको मालनबाई ओली बाळंतीण, बाप आंधळा. हा खाटेवर एकटाच. मी भाकर चुरून दिली. तर घास तोंडात घालायच्या आधी मला इचारतो का, मावशी, पोराचा डबा आता कोण आणतं, त्याची परीक्षा आली ना. माझी मान खाली गेली. जायला पाहिजे होती तुझी.

नव्या ड्रायव्हरला स्टँडवर गाठलं. तुझ्यासाठी न्हाई म्हणणारा तो सर्जेरावासाठी बराबर हो म्हणला. येत्या सोमवारपासून सकाळच्या गाडीनं डबा येईल. तो सर्जेरावाचा. तू घ्यायचा, खाटेजवळ न्यायचा, त्याचं होईस्तोवर बसायचं, भांडं घासून माघारी धाडायचं. तू मेसातच जेव. पातळ भाजीनं कोणी मेलेलं मी ऐकलं न्हाई.

बोलणार काय, म्हणतो. आधी नाव सांग आपलं. खिडकीतून डबा ओढणारा हात त्यानं दोन वर्षं पाहिलाय. तुझं तोंड त्याला ठाऊक न्हाई.

लोभ मंग माग.

आजी चतुराबाई