चौदा तासांवरचा दादा

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, आप्पा ठणठणीत आहेत. फोनवरच बोलले असते, पण तुझा फोन आला की आप्पा स्पीकर लावून, मांडी घालून समोर बसतात आणि मग हवापाण्यापलीकडे काही बोलताच येत नाही. म्हणून रांजणगावला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहितेय. फोटो काढून पाठवीन.

आप्पांची नवी मौज ऐक. त्यांना आता मोबाइलशी बोलता येतं. परवा तो तोंडाजवळ धरून दरडावून विचारलं, "पुणं ते टोरांटो इमानानं किती तास?" उत्तर आलं, साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास. झालं! ते सरळ रेषेत मोजलेलं आहे, तसं एकही विमान पुण्याहून उडत नाही, विमानं बदलत यायला तुला दीड दिवस लागतो, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. त्यांचं एकच, मोबाइल कशापायी खोटं बोलंल? आता दूध घालायला गेले की डेअरीवर सांगत असतात, "चौदा तास म्हंजी दोन शिफ्टा बी न्हाईत. आमचा इंदर कवाबी यील. तोवर सुली हाय की."

हे 'तोवर' ऐकून माझे कान किटलेत. आई गेली तेव्हा म्हणाले, इंदर येईल, तोवर घर तू बघ. म्हशी, पिकाचं पाणी, दवाखाना, सगळं तोवर. नारायणगावचे पाहुणे मला पसंत करून गेले, त्यांनाही तोवर थांबा म्हणाले. ते कशाला थांबतात? त्यांच्या मुलाचं बाळ आता चालायला लागलंय. शिरूरला माझ्या मैत्रिणीकडे, रश्मीकडे, एक रात्र राहिले तरी आप्पांचे तीन फोन. तुझं साडेबारा हजार किलोमीटर त्यांना चालतं रे, माझं तीस चालत नाही. कधी कधी तुझा फार राग येतो मला.

कंपनीने मला चेन्नईच्या प्लँटसाठी विचारलंय. क्वालिटीची अख्खी लाइन माझ्या हाताखाली, राहायला क्वार्टर. या महिनाअखेर कळवायचं आहे. आप्पांना भीतभीत सांगितलं. नाही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. ते हसून म्हणाले, "जा की. इंदर आला की जा."

दादा, तू परत येणार नाहीस हे दिवाळीपासून फक्त मला माहीत आहे. तिथलं नागरिकत्व घेतलंस, घर घेतलंस. आप्पांना इतक्यात सांगू नको म्हणालास, मी नाही सांगितलं. आता मी तोंड उघडलं तर त्यांना वाटेल, पोरीला जायचंय म्हणून सख्ख्या भावाला परकं करतेय. माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. म्हणून रविवारी फोन कर आणि तूच सांग. रडतील, जेवणार नाहीत, ते मी बघते. त्यांना सावरल्याशिवाय, त्यांची नीट सोय लावल्याशिवाय मी निघणार नाही. पण तू सांगितलंच नाहीस, तर ते तुझी वाट बघत बसतील, आणि मी त्यांच्या शेजारी.

तुझीच,
सुली