ओळखीचा साक्षीदार

पेरिन्स लँडिंग, अलाबामा
सोमवार, २ मे १९६६

प्रिय आयडेला,

मिस्टर कोल्विन आत्ताच शाळेच्या पायऱ्या उतरून गाडीत बसले. गाडीची धूळ अजून खिडकीतून आत येते आहे. मुलं घरी गेली आहेत. आत्ताच लिहितो, नंतर माझ्याच्याने लिहून होणार नाही.

तू खुशाल असशील. गुडघा कसा आहे? डेट्रॉइटची थंडी मे महिन्यातही हाडं सोडत नाही असं तू लिहिलं होतंस. इकडे कापूस उगवून वर आला आहे. वर्निस बरी आहे. तुझा लूशियस नीट जेवतो. वर्निस त्याला मक्याची भाकरी वाढते, तो रोज म्हणतो, "मामी, आईची यापेक्षा मऊ होते," आणि तिसरी घेतो.

मिस्टर कोल्विनबद्दल सांगतो. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली आहेत, गोऱ्यांच्या आणि आपल्याही. मी मुख्याध्यापक झाल्यापासून ते मला 'प्रोफेसर' म्हणतात. काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणावं लागू नये म्हणून ही सोय, हे तुला मी सांगायला नको. आज दारात टोपी काढून म्हणाले, "कसं काय, मिस्टर टॉलिव्हर?" मला उठून उभं राहायचंही सुचलं नाही.

"उद्याचं काय ठरवलंय?"

"मत द्यायचंय, साहेब."

"ते द्यालच हो. कुठे, ते विचारतोय."

उद्या कोर्टहाउसमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार निवडायचे आहेत. त्याच दिवशी माउंट ऑलिव्ह चर्चच्या अंगणात आपल्या लोकांनी काढलेल्या नव्या पक्षाची सभा आहे, तीही उमेदवार निवडायलाच. कोर्टहाउसमध्ये मत देईल त्याला अंगणात भाग घेता येत नाही. कायदाच तसा आहे. एकच जागा निवडायची.

"आमच्या पक्षाची मतपत्रिका पाहिलीत ना?" ते म्हणाले. "ती ओळ काढून टाकली आम्ही जानेवारीत."

पक्षाची खूण असलेल्या कोंबड्याच्या चित्राबरोबर इतकी वर्षं छापत होते ती ओळ. गोऱ्यांचं वर्चस्व. वीस वर्षं मी त्या ओळीखाली खूण करत आलो.

"कोंबडा तोच आहे, साहेब."

"कोंबड्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" ते हसले. मीही हसलो. ते हसले की हसायचं, ही सवय आहे.

मग खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "दोन वर्षांवर आलंय तुमचं पेन्शन. शिक्षण मंडळावर कोण बसतं त्यावर बरंच अवलंबून असतं. लोक तुमच्याकडे बघून चालतात, मिस्टर टॉलिव्हर." 'मिस्टर' दोनदा म्हणाले. मी मोजलं.

आजोबा लिंकनच्या पक्षाला मत द्यायचे. १८७४ साली ते मत द्यायला निघाले तेव्हा ज्यांनी बंदुका घेऊन त्यांना रस्त्यातून परत पाठवलं ते लोक डेमोक्रॅट होते. बाबांना आयुष्यात एकदाही मत देता आलं नाही, तरी मरेपर्यंत ते रिपब्लिकनच होते. दोन वर्षांपूर्वी इथल्या गोऱ्यांनी राष्ट्राध्यक्षासाठी लिंकनच्या पक्षाला भरभरून मतं दिली, कारण त्यांच्या उमेदवाराने नागरी हक्कांच्या कायद्याला विरोध केला होता. बाबांना हे कसं सांगितलं असतं कोण जाणे. लूशियस म्हणतो, "मामा, दोन्ही घरांच्या ओट्यावर बसून झालं. आत कुणी बोलावलं नाही. आता आपलं आपण बांधू."

तो शिक्षण मंडळासाठी उभा राहतो आहे, हे तुला त्याने कळवलं असेलच. काल चर्चहून आल्यावर जेवताना म्हणाला, "मामा, परवा माझं नाव तुम्ही सुचवा."

"मीच कशाला?"

"अर्ध्या जिल्ह्याला तुम्ही पाढे शिकवलेत. मी डेट्रॉइटला वाढलेला. मला कोण ओळखतं? तुम्ही उभे राहिलात की म्हातारी माणसंही हात वर करतील."

"आणि निवडून आलास की माझा साहेब होशील."

"पहिल्याच दिवशी उशिरा आल्याबद्दल तुमच्याकडून खुलासा मागवतो."

वर्निस इतकी हसली की तिला ठसका लागला. मग लूशियस सहज म्हणाला, "बाबा सांगायचे, तिथे तुझ्या मामाच्या शब्दाला किंमत आहे."

होझिया असं सांगायचा? तुझ्यासमोर?

आयडेला, एक गोष्ट तुला अठरा वर्षं सांगायची राहिली आहे. राहिली नाही. मी टाळली.

१९४८ चा फेब्रुवारी. होझिया मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला होता. इटलीत लढून आलेला माणूस, कुणाला विचारायची त्याला गरज वाटली नाही. पण तेव्हा नाव नोंदवायला आधीच नोंद असलेला एक मतदार लागायचा, ओळखीचा साक्षीदार. गोरा माणूस आपल्यासाठी येणार नव्हता. आपल्यातले नोंद असलेले साऱ्या जिल्ह्यात तिघंच, अंत्यविधीचं दुकान चालवणारे मिस्टर स्टॅलवर्थ, त्यांचे मेहुणे आणि मी. आमची नावं ठेवली होती दाखवण्यापुरती. कुणी बाहेरचा विचारायला आला तर सांगता यावं, बघा, तिघं आहेत. आम्हा तिघांना न सांगताच कळलं होतं की आमच्यामागून चौथा यायचा नाही.

होझियाने अर्जात माझं नाव घातलं. नातं, मेहुणा. ओळख, नऊ वर्षं.

मला वर्गातून बोलावणं आलं. खोलीत नोंदणीचे तिघं बसलेले, दारात शेरीफचा माणूस. होझिया उभा होता. बूट लष्करातले, चकचकीत. मला पाहून त्याचा चेहरा सैल पडला. त्याला वाटलं, झालं काम.

मधल्या म्हाताऱ्याने तंबाखू डबीत थुंकली. "प्रोफेसर, हा म्हणतो तू याला ओळखतोस. ओळखतोस का रे?"

आदल्या रविवारी होझिया माझ्या टेबलावर जेवला होता. त्या खोलीतल्या प्रत्येकाला आमचं नातं ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याच्या घरी तू कपडे धुवायला जात होतीस. त्यांना माहिती नको होती. मी काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "नाही, साहेब. मी याला ओळखत नाही."

"नक्की?"

"नक्की, साहेब."

होझियाने माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिला.

मला वाटलं होतं, फार तर अर्ज फेटाळतील. शपथेवर खोटं लिहिलं म्हणून त्यांनी त्याला तिथेच धरलं. आठ महिने रस्त्याच्या कामावर, पायात साखळी. अर्जात तारीख चुकली म्हणून शिक्षा झाली, असं त्याने तुला सांगितलं. तू मला येऊन तेच सांगितलंस, आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्याची पाठ त्या आठ महिन्यांत गेली. तुम्ही डेट्रॉइटला गेलात तेव्हा मी स्टेशनवर आलो. होझियाने माझ्याशी हात मिळवला. अकरा वर्षं तो तिथे लोखंडाच्या ओतशाळेत वाकून काम करत राहिला आणि वारला. मी पन्नास डॉलर पाठवले. तू आभाराचं पत्र लिहिलंस. ते माझ्याकडे आहे.

त्याने तुला कधीच सांगितलं नाही, हे मला काल लूशियसच्या त्या वाक्यावरून कळलं. सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तू मला तोडलं असतंस, आणि मला पुढची वर्षं तुझ्या नाताळच्या भेटी उघडाव्या लागल्या नसत्या.

शाळेसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. माझी नोकरी गेली असती तर शाळा बंद पडली असती. कदाचित पडलीही असती. पण त्या खोलीत उभं असताना मला शाळा आठवली नव्हती. शेरीफच्या माणसाचा हात कमरेवर होता, मी तेवढंच पाहत होतो.

आता साक्षीदार लागत नाही. गेल्या वर्षी मतदानाचा नवा कायदा झाला, वॉशिंग्टनहून सरकारी माणसं आली, टेबल मांडून बसली. आपले लोक रांगेने गेले आणि नावं लिहून आले. मिसेस ओडेसा पर्ल, आमच्या शाळेतल्या स्वयंपाकीण बाई, त्यांना सही येत नव्हती. त्यांनी फुली मारली, आणि परत येऊन मला म्हणाल्या, "प्रिन्सिपल, इतकं सोपं होतं होय हे?"

लूशियसला यातलं काही माहीत नाही. त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. तो तुझा मुलगा आहे. आणि होझियाचा.

मी उद्या सकाळी अंगणात जाणार आहे. चार वाक्यं लिहून ठेवली आहेत. याला मी याच्या जन्मापासून ओळखतो, हे त्यातलं पहिलं. पेन्शनचं व्हायचं ते होवो. मी एकसष्ट वर्षांचा आहे. एकदा तरी हे वाक्य लोकांसमोर म्हणावं असं वाटतं.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तो अधिकार होझियाचा होता, आणि त्याने तो वापरला की नाही हे मला कधीच कळणार नाही.

तुझा भाऊ,
रॅन्सम


मंगळवार, ३ मे, दुपारचे बारा

आज सकाळी आठ वाजता मी कोर्टहाउसमध्ये मत दिलं. घरून अंगणाकडेच निघालो होतो. चौकात शेरीफची गाडी उभी होती. मला कुणी अडवलं नाही, कुणी काही बोललं नाही. मीच वळलो. सभा दहाला सुरू झाली. वर्निस गेली होती. लूशियसने स्वतःचं नाव पुकारायची वेळ दोनदा पुढे ढकलायला लावली, रस्त्याकडे बघत होता, असं ती म्हणाली. मग मिसेस ओडेसा पर्ल यांनी उभं राहून त्याचं नाव सुचवलं. तासाभराने मिस्टर कोल्विनच्या कचेरीतून शाळेत फोन आला, उद्यापासून मिसेस पर्ल यांना कामावर घेऊ नये. फोन मी घेतला. "हो, साहेब" म्हणालो.

काल लिहिलेलं फाडत नाही. जसं आहे तसं पाठवतो.

रॅन्सम टॉलिव्हर