रंगीत तालमीत कुरकुरलेली टाकी

प्रति,
माननीय प्रमुख तपासणी अधिकारी,
कारखाना सुरक्षा कार्यालय,
तंजुंग वारू, पूर्व जावा.

विषय : मासळी कारखान्यातील अमोनियाच्या टाकीचा 'निर्दोष' दाखला रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या उपस्थितीत झालेली चाचणी व त्यानंतरचे जेवण.

महोदय,

१. मी टाक्यांचे आवाज ऐकण्याचे काम करतो. दाब वाढवला की पोलादात सरकणारी भेग बारीक कुरकुरते. ते टाकीला चिकटवलेल्या आमच्या यंत्राला कळते. मात्र एकदा सोसलेल्या दाबाला पोलाद दुसऱ्यांदा बहुधा तोंड उघडत नाही. भेग असते तिथेच असते. हे आपणांस ठाऊक असेलच, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

२. आपण येणार म्हणून व्यवस्थापक हर्जांतो (आम्ही आदराने 'पाक' हर्जांतो म्हणतो) यांनी आदल्या दिवशी रंगीत तालीम ठेवली. आपल्याकडे तालमीशिवाय शाळेचे झेंडावंदनही होत नाही, त्यामुळे हार व स्वागतगीत इथवर माझी तक्रार नाही. पण त्यांनी टाकीलाही तालीम करायला लावली. मी "थांबा, पाक!" म्हणेपर्यंत दाब पूर्ण चढला होता आणि खालचा सांधा एकसारखा कुरकुरत होता. पाक हर्जांतो खूश. म्हणाले, "बरं झालं, आजच ओरडून घेतलंन्. उद्या पाहुण्यांसमोर शोभा नको."

३. दुसऱ्या दिवशी टाकी गप्प राहिली. आपण टाळ्या वाजवल्यात, शुभकार्याला रचतात तो पिवळ्या भाताचा डोंगर कापलात. मी तालमीची नोंद पुढे केली, तर आपण तोंडातला घास न गिळताच म्हणालात, "पाक सुगेंग, तालमीत चुकलेलं कोणी धरतं का?" मला त्या भाताची शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. मी सही नाकारली. तेव्हा दाखल्यावर 'ध्वनितज्ज्ञ' म्हणून स्वागतगीत गाणाऱ्या बाईंची सही घेण्यात आली. याहून किळसवाणे काही मी नोकरीत पाहिलेले नाही.

४. त्या सांध्याला लागून बायका मासळी साफ करतात, कारण सावली तिथेच पडते. सांधा उकलला तर त्यांना पळायलाही श्वास उरणार नाही. माझी पत्नी रुकमिनी त्यांच्यातलीच. घरी बस म्हटले, तर म्हणते, "आणि बाकीच्या जणींना काय सांगू? माझ्या नवऱ्याला ऐकू येतं म्हणून?"

५. सोमवारी टाकी भरणार आहेत. तरी त्यापूर्वी दाखला रद्द करून सांधा उघडून पाहावा, ही विनंती. तसे न झाल्यास मी रुकमिनीच्या शेजारी सुरी घेऊन मासळी साफ करायला बसेन. तिला तिथून उठवणे मला जमलेले नाही. दाखला रद्द करणाऱ्या आपल्या एका सहीने ते होईल.

आपला, अजून तरी नम्र,
सुगेंग विद्योनो
तंजुंग वारू, शुक्रवार