सासूबाई आणि सूनबाई : दोन इंजिनांची वाटणी

सकाळी डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि दुपारी वकिलांनी माझे डोके. छाती नापास झाली, डोके पास झाले. जे पास झाले त्याच्या भरवशावर, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, मी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मी धक्क्यावर बोटींची इंजिने दुरुस्त करणारी बाई, वय बहात्तर. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर ते रागात केले असते आणि आज फाडावे लागले असते.

वकील म्हणाले, "बाई, मालमत्तेपुरतं लिहा. बाकीचं कोर्टाला लागत नाही."

मी म्हटले, "कोर्टाला नसेल लागत. ज्यांना मिळणार आहे त्यांना लागेल."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले आणि आपण खिडकीतून पाणी बघत बसले.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. ती दूरच्या शहरात कॉलेजात शिकवते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त घेणाऱ्याला आधी सांगावे, की मागच्या खोलीतला पेट्रोलचा वास रंग देऊन जात नाही. मी देऊन पाहिला आहे. मुलगी लहानपणी शाळेतून येऊन म्हणायची, "आई, सगळ्यांच्या आयांना पावडरचा वास येतो, तुला एकटीलाच टाकीचा." तेव्हा मी हसण्यावारी नेले. आता वाटते, एखादे दिवशी हात धुऊन तिला शाळेतून आणायला जायला हवे होते.

कलम २. गॅरेजमधली हत्यारे शेजारच्या वेल्डरला द्यावीत. चाक खेचून काढायचा पुलर यात धरू नये, कारण तो त्याने मागे 'जरा' म्हणून नेला तो त्याच्याकडेच आहे. आजपासून तो रीतसर त्याचा. धक्क्याच्या टोकाला वंगणतेल विकणारा जो दुकानदार आहे, त्याला माझा एक पानासुद्धा देऊ नये. तो तेलात काय मिसळतो हे मी आयुष्यभर काळ्या पडलेल्या प्लगांवर वाचत आले आहे.

कलम ३. दोन इंजिने. या कलमाला जागा जास्त लागेल.

माझे सासरे इंजिनमिस्त्री होते. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इंजिनात रस नव्हता. त्याचा जीव पाण्यात. सुनेला नटबोल्टांची आवड आहे हे लक्षात आल्यावर सासऱ्यांनी मला शेजारी स्टूल दिले आणि स्वयंपाकघरातून माझी अर्धी सुटका केली. नवरा आणि त्याची धाकटी बहीण दोन बोटींवरून माणसे खाडीपलीकडे सोडत. नणंद माझ्याच वयाची. मी तिला वन्सं म्हणायची, ती मला वहिनी. मला पोहायला तिने शिकवले, तेही कमरेला दोर बांधून, आणि दोराचे दुसरे टोक आपल्या दातात धरून, म्हणजे हसता येणार नाही. तरी हसली आणि दोर सुटला. मी पोहायला शिकले ते तेव्हाच.

एका बोटीला सासऱ्यांचे जुने इंजिन होते. दुसऱ्या बोटीसाठी मी हट्ट करून नवे घ्यायला लावले. धक्क्यावरच्या लोकांनी जुन्याचे नाव सासूबाई ठेवले आणि नव्याचे सूनबाई. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, दोन्हींची ताकद कागदावर सारखी. फरक पोटातला. सासूबाईच्या पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा आहे. एका बाजूने आत आलेले ताजे मिश्रण त्याच्यावर आपटून वर वळते आणि जळका धूर समोरच्या भोकातून ढकलून देते. ढकलताना थोडे ताजे पेट्रोलही धुराबरोबर निसटते, म्हणून तिला खायला जास्त लागायचे. सूनबाईचा पिस्टन सपाट डोक्याचा. मिश्रण दोन-तीन बाजूंनी येते, मागच्या भिंतीला धरून वर चढते, गिरकी घेते आणि धुराला बाहेर काढते. कमी पेट्रोल, जास्त ओढ, पिस्टनही कमी तापतो. पण मंद चालीत सूनबाई खोकायची, आणि सासूबाई मंद चालीत शिवणयंत्रासारखी एका लयीत चालायची.

नणंदेला हे नवे खूळ पटेना. "भरधाव कुणालाही जाता येतं," ती म्हणायची, "हळू जाऊन दाखव." शेवटी आम्ही परीक्षा घेतली. बोट एकच, इंजिनाचा पाण्यातला पंखा एकाच मापाचा, माणसांच्या ऐवजी वाळूची पोती, डब्यात मोजून पेट्रोल. आधी एक इंजिन लावून फेरी, मग तेच काढून दुसरे. अख्खा धक्का बघायला जमला. भर वेगात सूनबाई कितीतरी पुढे, आणि परत आल्यावर डब्यात पेट्रोल उरलेले. पण उथळ पाण्यात, जिथे रांगत जावे लागते, तिथे ती दोनदा बंद पडली. सासूबाई एकदाही नाही.

"बघ," नणंद म्हणाली.

"डबा बघा," मी म्हणाले.

नवरा पोती उतरवत होता. तो म्हणाला, "दोघींचंही खरं आहे. आता मला जेवायला वाढणार आहात का दोघींपैकी कोणी?"

त्या दिवसाइतके आम्ही तिघे पुन्हा हसलो नाही.

पुढच्या वर्षी एका वादळी दुपारी तो सूनबाई लावलेली बोट घेऊन रिकामा परत येत होता. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. तिथे वेग कमी करावाच लागतो. तिथे इंजिन बंद पडले, बोट लाटेला आडवी झाली आणि उलटली. जाळी ओढणाऱ्यांनी लांबून पाहिले, पोचायला उशीर झाला. नवरा दुसऱ्या दिवशी सापडला, इंजिन नंतर.

नणंद सर्वांसमोर मला म्हणाली, "मंद चालीत ती थांबते, हे तुला ठाऊक होतं." एवढेच. आरडाओरडा केला असता तर मी विसरले असते.

मी इंजिन उघडले. गार पाणी आत घेणाऱ्या जाळीला प्लास्टिकचा तुकडा चिकटला होता. पाणी न मिळाल्याने इंजिन तापले आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. त्यात सपाट पिस्टनचा दोष नव्हता, मंद चालीचाही नव्हता. सासूबाईच्या जाळीला तो तुकडा लागला असता तर तीही थांबली असती. मी ओरखडलेला पिस्टन फडक्यात बांधून नणंदेच्या दारात गेले आणि तिला हे सगळे समजावू लागले.

तिने फडके उघडूही दिले नाही. म्हणाली, "मला लोखंड दाखवू नकोस, वहिनी. माझा भाऊ दाखव." आणि दार लावून घेतले. आपटले नाही, हळूच लावले.

थोड्याच दिवसांत ती आपली बोट आणि सासूबाई घेऊन पलीकडच्या काठावर राहायला गेली. मी सूनबाई नवा पिस्टन घालून उभी केली. पण बोटीला लावली नाही, अधूनमधून पाण्याच्या पिंपात चालवायची, गंजू नये म्हणून. मुलगी वाढली, शिकली, गेली. रोज सकाळी नणंदेची बोट खाडी ओलांडताना ऐकू यायची. आवाजावरून मला कळे, की एका सिलिंडरचा प्लग चुकतो आहे. जाऊन सांगावे की नाही, या विचारात माझा चहा गार होई. मग कधीतरी आवाज सुधारायचा. तिने दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेले असायचे. त्या न पाहिलेल्या मिस्त्रीचा मला जेवढा मत्सर वाटला, तेवढा आयुष्यात कोणाचा वाटला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आवाज बंद झाला. काही दिवसांनी नणंद वल्हवत इकडे आली. केस पांढरे, हात तेच. बोटीत सासूबाई आडवी टाकलेली.

"वहिनी, हिचं डोकं गेलं."

"वन्सं, तुमचं शाबूत आहे ना?" माझ्या तोंडून निघून गेले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि हसताना तिला बसावे लागले.

सासूबाईच्या पिस्टनचा उंचवटा जळून भोक पडले होते. तसे पिस्टन आता कोणी बनवत नाही. मी सगळीकडे फोन केले. एकाने मला वस्तुसंग्रहालयात विचारायला सांगितले. नणंद म्हणाली, "मग राहू दे. बोट विकते."

"सूनबाई तयार आहे," मी म्हणाले. "तुमच्या बोटीला बसेल."

नणंद उठली आणि तिनेच इंजिनाचे एक टोक उचलले.

आम्ही दोघी पाण्यावर गेलो. पुढे बघण्याऐवजी नणंद सारखी मागे वळून इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बघत होती. धार आहे म्हणजे इंजिन गार आहे. खाडीच्या तोंडाशी तिने वेग कमी केला. सूनबाई खोकली, पण चालत राहिली.

"तेव्हा खरंच प्लास्टिक होतं?" तिने विचारले.

"होतं."

"मोठं?"

"तळहाताएवढं."

काठ जवळ आल्यावर ती म्हणाली, "मी तुला त्या दिवशी घरात घ्यायला हवं होतं."

मी म्हणाले, "मी त्या दिवशी रिकाम्या हातांनी यायला हवं होतं."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी येते. मी खोकते, ती म्हणते, "सूनबाईसारखी खोकतेस," आणि पाणी देते. डॉक्टर सांगतात, इतकी वर्षे बंद गॅरेजमध्ये धूर घेतल्यावर फुप्फुसे दुसरे काय करणार. मुलगी फोनवर म्हणते, "आई, आता टू-स्ट्रोक वापरतं कोण!" तिचे बरोबर आहे. दोन्ही इंजिनांत सरस कोणते, हे मला आज कोणी विचारले तर मी डब्यातले पेट्रोलच दाखवीन. पण ते सिद्ध करण्यात जी वर्षे गेली, ती कुठल्याच डब्यात परत भरता येत नाहीत.

सबब सासूबाई भंगारात द्यावी. सूनबाई माझ्या नणंदेला द्यावी.

कलम ३ ची दुरुस्ती. वरचे लिहून झाल्यावर सहीसाठी सर्व जमले. नणंद साक्षीदार म्हणून सही करायला पुढे आली, तेव्हा वकिलांनी तिला थांबवले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. "एक तर इंजिन घ्या," ते म्हणाले, "नाही तर सही करा."

"सही," नणंद म्हणाली.

मी म्हणाले, "वन्सं, साक्षीदार कोणीही मिळेल. इंजिनाशिवाय बोट कशी चालवणार?"

ती पेनाचे टोपण काढत म्हणाली, "तू नसलीस तर मी पलीकडून इकडे यायचं कुणाकडे?"

वकिलांनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. म्हणून नणंदेचे नाव लाभातून वगळत आहे. माझ्यामागे सूनबाई मुलीकडे जावी. मी आहे तोवर ती नणंदेच्या बोटीलाच राहील.

येणेप्रमाणे मी लिहिले, वाचून पाहिले, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

स्थळ : धक्क्याच्या उतारावरचे माझे गॅरेज
दिनांक : ११ जानेवारी २०१९, शुक्रवार

सही : मृत्युपत्र करणारी, इंजिनमिस्त्री

साक्षीदार पहिले : डॉक्टर, धक्क्यावरचा दवाखाना
साक्षीदार दुसरी : मृत्युपत्र करणारीची नणंद, बोट चालवणारी, पलीकडचा काठ