कुंपण ओलांडण्याआधी

१८ नोव्हेंबर, सोमवार
पास!! शिकारीच्या सुरक्षा-परीक्षेत पास! आता हंगामाच्या पहिल्या दिवशी हरणाच्या शिकारीला — मी आणि आजोबा! शनिवार, ३० तारीख. सोबत जाणतं माणूस हवंच, आणि बाबा ट्रक घेऊन टेक्सासकडे. आईचं तर विचारूच नका. बंदुकीला बोटसुद्धा लावत नाही. "लग्न करून या डोंगरात आले, तेवढं पुरे," म्हणते.

१९ नोव्हेंबर
शिकारीत घालायचं नारिंगी जाकीट आलं. घालूनच जेवले. आई म्हणाली, "सूपमध्ये हरीण आहे का गं?"

२१ नोव्हेंबर, गुरुवार
माझी मैत्रीण ऑड्रा उद्या आमच्याकडे झोपायला येणार. तिच्या आईचा फोन — "तुमच्याकडे बंदूक आहे ना? कुलपात असते का?"

आजोबा खवळले. "आम्ही बंदूक घेऊन शाळेच्या बसमध्ये चढायचो! कोणी हूं की चूं केलं नाही!" आणि मग स्वतःच ऑड्राच्या आईला घरी बोलावून कपाट दाखवलं. गोळ्या वेगळ्या कुलपात, तेही दाखवलं. "विचारलंत ते बरं केलंत," म्हणाले. मला हसू आवरेना.

२४ नोव्हेंबर, रविवार
कोठारामागे नेमबाजी. माझ्या सगळ्या गोळ्या वर्तुळात! आजोबांनी पाठीत असा धपाटा घातला की मी पुढेच गेले.

परत येताना कुंपण. इथे नियम पक्का — बंदूक रिकामी करायची, मगच दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि घेणाऱ्यानेही बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, मागे ओढून आत बघायचं. कोणीही काहीही सांगो. "रिकामी आहे गं, धर," आजोबा म्हणाले. मी नळी वर धरून बोल्ट ओढला. त्यांनीच लावलेली सवय.

टण्णकन गोळी बाहेर! पाचोळ्यात पडली.

आजोबांचा चेहरा पांढराफटक. वाकून त्यांनी गोळी उचलली, खिशात टाकली. मग म्हणाले, "आईला नको सांगूस, पोरी. तुझा शनिवार जाईल."

खरंच जाईल!

२५ नोव्हेंबर
नाही सांगितलं. परवा आजोबांच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली तेव्हा आम्ही सगळे खो खो हसलो होतो. आता हसू येत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं. भांडी पुसताना, रडत रडत. आई ओरडली नाही. हात कोरडे केले, जाऊन आजोबांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. "यंदा कोणीच जाणार नाही."

आजोबा मला म्हणाले — "चहाडखोर!" मला!! ज्यांनी शिकवलं तेच!

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
टर्की, भोपळ्याची गोड पाई, सगळं होतं. मी आजोबांकडे बघतच नव्हते. जेवणाआधी प्रत्येकाने देवाचे आभार मानायचे. आई म्हणाली, बाबा सुखरूप आहेत म्हणून. मी म्हणाले, पाईबद्दल. मग आजोबांची पाळी आली.

"ह्या पोरीने माझ्यावर विश्वास न ठेवता आत बघितलं, म्हणून," ते म्हणाले. "परवा मी तोंडाला येईल ते बोललो. गाढव आहे मी. आता मी बंदूक धरणार नाही." आणि टर्कीची मोठी तंगडी माझ्या ताटात!

राग गेला. सगळा नाही — पण तंगडी सगळी खाल्ली.

३० नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून डोंगरात ठो-ठो चाललंय. मी घरात, उशीत तोंड खुपसून.

आईने हाक मारली. बघते तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आजोबांची बंदूक, आणि समोर आई! पुढच्या वर्षी माझ्यासोबत यायचं म्हणून जानेवारीच्या सुरक्षा-वर्गात तिने नाव घातलंय — अकरा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये बसणार! आजोबा शिकवायला पुढे सरकले. तिने त्यांना हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं बाई, कुठून सुरुवात करायची?"