थुंकायच्या घोटाचं कौतुक

ती. वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. एरवी वाकून केला असता, पण गुडघा सुजलाय. का सुजलाय ते पुढे येईलच. तुमची कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी मात्र संतापाने नुसती फणफणतेय, आणि त्याचं कारण तुमचे बंधुराज.

लेकीने हौसेने आम्हा दोघांना द्राक्षांच्या मळ्यांत सहलीला धाडलं. (हौस तिची, हाडं आमची.) ऊन, टेकड्या, मोकळी हवा, सायकल, असं ती सांगत होती तेव्हा मला वाटलं, चला, निदान पोटभर द्राक्षं तरी खाऊ. कसलं काय! पहिल्याच वेलीला हात लावला तर राखणदार असा ओरडला, जणू मी त्याच्या घरातलं कपाट उघडलंय. तरी चोरून एक तोंडात टाकलंच, तर आंबट आणि बियाच बिया. ही वाईनची द्राक्षं, म्हणे खायची नसतातच. मग आम्ही काय त्यांची तोंडं बघायला आलो होतो? पुढे सायकल. दोघांत मिळून एकच, दोन सीटांची, दोघांनीही पायडल मारायची; पुढे हे, मागे मी. चढावर माझा जीव अर्धा झाला. म्हटलं, अहो, फार जड जातेय. तर म्हणाले, "ठीक चाललीय." मग वाकून बघते तर काय, ह्यांनी पाय केव्हाच वर उचलून घेतलेले, आणि टोपी सांभाळत मळे न्याहाळत बसलेले! उतारावर मी जाब विचारला, हे उत्तर द्यायला मागे वळले, आणि आम्ही सायकलीसकट वेलींच्या रांगेत. गुडघा तिथला.

पण गुडघ्याचं सोडा, वन्सं. खरी आग लागली ती नंतर. तुम्हाला माहीतच आहे, हे जन्मभर पाणीखात्यात, पाण्याची चव घेऊन ते पास करायच्या कामावर. कितीही चांगलं पाणी असलं तरी 'ठीक' यापलीकडे शेरा द्यायचा नाही. तीच सवय घरी. लग्नानंतर पहिल्यांदा भाजी वाढली, ठीक. तुम्ही सगळे आलात तेव्हा दिवसभर खपून स्वयंपाक केला, ठीक. मी मनाशी म्हणायचे, जाऊ दे, अबोल माणूस, शब्दच नाहीत बिचाऱ्याकडे.

आणि तिथल्या तळघरात, त्या लाकडी पिंपांच्या गारव्यात, वाईन चाखवणाऱ्या बाईने ह्यांच्या हातात ग्लास दिला मात्र! ह्यांनी तो फिरवला, त्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि बोलायलाच लागले हो! "ओली माती... पिकलेला आलुबुखार... आणि शेवटी, अगदी शेवटी, हलकासा धूर." धूर! अहो, गेल्या आठवड्यात भाजी करपून घरभर धूर झाला, मी खोकून खोकून अर्धमेली, तेव्हा हे शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते! बाई टाळ्या काय वाजवते, बाकीचे पाहुणे भोवती काय जमतात, आणि हे एकेका ग्लासाचे पोवाडे गात सुटलेत. (मी कोपऱ्यात सरबत पीत बसलेय. गुडघ्यावर बर्फ.) बरं, एवढं गाऊन झाल्यावर घोटाचं केलं काय? थुंकले! त्यासाठी तिथे बादलीच ठेवलेली असते, तशी रीत आहे म्हणे. म्हणजे जे थुंकायचं त्याचं एवढं कौतुक, आणि माझ्या हातचं जे इतकी वर्षं मुकाट गिळलं, त्याला एक शब्द नाही! मला तिथेच रडू आलं, खोटं कशाला सांगू? मला काही हारतुरे नकोत. एकदा, फक्त एकदा, ताटातल्या घासात काय काय आहे ते डोळे मिटून सांगावं, एवढंच.

घरातल्या सगळ्यांना विचारल्याचं सांगा.

तुमची,
ठीक स्वयंपाक करणारी भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. हे साऱ्या जगात फक्त तुम्हाला घाबरतात. तेव्हा फोन करून जरा खडसवा. माझं नाव मात्र येऊ देऊ नका.

ता. क. फोन करू नका! मला उठता येत नाही म्हणून आत्ता हे माझ्यासाठी चहा घेऊन आले. स्वतः केलेला, आयुष्यात पहिल्यांदा. देऊन दारातच उभे राहिले, माझ्या तोंडाकडे बघत. मी कप फिरवला, नाक खुपसलं, डोळे मिटले, घोट घेतला. आलं छान ठेचलेलं, साखर अगदी बेताची, झकास झाला होता हो चहा! म्हटलं, "ठीक आहे." काय चेहरा पडला म्हणून सांगू! "ठीक म्हणजे?" म्हणाले. "नुसतं ठीक?"

अजून दारातच उभे आहेत. राहू देत थोडा वेळ.