हमीदचा संप आणि चाचांचा हात

शर्क, कुवेत. शुक्रवार संध्याकाळ, १९६६

आज खोलीत रिवाजाप्रमाणे सगळ्यांपुढे हमीदचं पत्र वाचलं. माझा धाकटा भाऊ, इंग्लंडात बस-कंडक्टर. सरकारने पगारवाढ अडवली म्हणून संपावर गेलाय. सगळे त्याच्यावर तुटून पडले. तिथे दवाखाना फुकट, वर ही मस्ती! मीही मान डोलावली. का डोलावली?

खोलीतले कासमचाचा तेवढे त्यात सामील नव्हते. हॉटेलात मंगळवारी तेलाने हात भाजला, बुधवारी त्याच हाताने तवा धरला. इथे रजा मागितली की परतीच्या बोटीचं तिकीटच मिळतं.

"त्याला कामावरना काढला नाय?"

"नाही, चाचा."

फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे ते बघत राहिले. "मग त्याला लिव, एक दिवस माझ्या नावानं पण संप कर."

तेवढं लिहून झालंय. माझ्या नावानं काय लिहू?